ब्रेक लाइट लागत नाही, नाहीतर बंदच होत नाही: घरच्या घरी दोष कसा शोधायचा

मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीची बॅटरी आठ दिवसात दोनदा बसली. पहिल्या वेळेस धक्का मारून चालू केली, दुसऱ्या वेळेस म्हणलं चार वर्षं झालीत, गेली असंल, अन सरळ नवीन टाकून मोकळा झालो, साडेचार हजार गेले. तिसऱ्या दिवशी पहाटं साडेपाचला शेजारच्या काकांनी दार वाजवलं. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर आहेत, पहाटं फिरायला निघतात. म्हणले, "आरं तुह्या गाडीचे मागले लाइट रातभर चालूच हैत की, कामून?" चावी घरात, गाडी लॉक, अन मागं तिन्ही ब्रेक लाइट फुल्ल पेटलेले. काकांनीच दार उघडायला लावलं, पॅडलपाशी वाकले अन मॅटवरून पांढरट प्लास्टिकचे चार तुकडे उचलून माझ्या हातावर ठेवले. ते तुकडे मला आठ दिवसांपासून दिसत होते, मी समजत होतो लेकरानं बिस्किट सांडलंय.

ते ब्रेक पॅडलचं स्टॉपर होतं, पॅडल मोकळं असताना लाइटचं स्विच दाबून ठेवणारी टिकली. दहा-वीस रुपयांची चीज. आधी अर्धवट तुटलं होतं म्हणून लाइट कधी बंद व्हायचे कधी नाही, त्यामुळं माझ्या ध्यानातच आलं नाही, अन मी बॅटरीला शिव्या देत बसलो. तेव्हापासून ब्रेक लाइटचा काहीबी लोचा असला की मी आधी काहीच विकत आणत नाही, आधी निस्तं बघतो. कोणता लाइट लागतोय, कोणता नाही, कधी लागतोय, एवढं नीट बघितलं तर दोष कुठंय हे निम्म्याच्या वर तिथंच कळतं. पाना, पेचकस नंतर.

आधी बघायचं, अन एकट्यानं कसं बघायचं

ब्रेक लाइटची गंमत अशी की तो गेलाय हे मागच्या सगळ्यांना दिसतं, फक्त चालवणाऱ्याला दिसत नाही. घरात कुणी असलं तर त्याला मागं उभं करा अन पॅडल दाबा, विषय संपला. कुणी नसलं तर अंधार पडल्यावर गाडी भिंतीला किंवा लोखंडी गेटला पाठ करून दोन-तीन फुटावर लावा अन आरशात बघा, भिंत लाल होती का, दोन्हीकडं सारखी होती का. दिवसा करायचं असलं तर मोबाइल मागं विटेला टेकवून व्हिडिओ चालू करा अन चार-पाच वेळा दाबून सोडा. तेही नको असलं तर सीट अन पॅडलच्या मधी एक काठी अडकवा, आमच्याकडं सीझनमधी उसाचं कांडं बरोबर मापात बसतं, काम झालं की खाताबी येतं.

दोनदा तपासा. एकदा पार्किंग लाइट बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. हे लोक करत नाहीत अन तिथंच फसतात, कारण कित्येक गाड्यांमधी मागचा रात्रीचा लाल लाइट अन ब्रेक लाइट एकाच बल्बमधी असतो अन काही दोष दोन्ही चालू असतानाच दिसतात. बहुतेक गाड्यांत चावी न लावताबी ब्रेक लाइट लागतो, काहींत मात्र इग्निशन ऑन लागतं, म्हणून "तिन्ही गेले" असं म्हणायच्या आधी एकदा चावी फिरवून बघा.

मंग जे दिसलं त्याचा अर्थ साधारण असा लावायचा. एका बाजूचा लागत नाही अन बाकी लागतायत, तर बल्ब किंवा त्याचा होल्डर, लांब जायची गरज नाही. दोन्ही बाजूचे गेले पण मधला वरचा, काचेपाशी असतो तो, लागतोय, तर फ्यूज अन पॅडलचं स्विच बहुतेक ठीक आहे, कारण तिघांना करंट तिथूनच येतो. मंग एक तर दोन्ही बल्ब गेलेत (एक महिनाभरापूर्वीच गेला असतो, आपल्याला दुसरा गेल्यावर कळतं) किंवा मागं जाणारी वायर कुठंतरी तुटलीय. तिन्ही बंद असतील तर फ्यूज नाहीतर स्विच. तिन्ही कायम चालू असतील तर माझ्यासारखं स्टॉपर, नाहीतर अडकलेलं स्विच. अन ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतोय, पार्किंग लाइट मंद होतोय, एका बाजूला काहीतरी भलतंच पेटतंय, असं भुताटकीसारखं असलं तर अर्थिंग, म्हणजे करंटची पत्र्यावरून बॅटरीला परत जायची वाट.

बल्ब

जुन्या अन साध्या गाड्यांत मागं जो बल्ब असतो त्यावर बारीक अक्षरात पी २१/५ डब्ल्यू असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकाच काचेत दोन तारा, एक २१ वॅटची ब्रेकसाठी अन एक ५ वॅटची रात्रीच्या लाल लाइटसाठी. दुकानात डबल पॉइंट म्हणा, लगेच देतात. बुडाला दोन शिशाचे ठिपके असतात, त्यावरून नाव. ज्या गाड्यांत ब्रेकचा बल्ब वेगळा आहे तिथं सिंगल पॉइंट, निस्ता २१ वॅटचा. काही गाड्यांत पितळी बूडच नसतं, चपट्या काचेचा खोचायचा बल्ब असतो. म्हणून जुना काढून खिशात घालून दुकानात जा, गाडीचं मॉडेल सांगून आणलेला बल्ब दहातून तीनदा चुकीचा निघतो.

हॅचबॅकमधी डिक्की उघडली की लाइटच्या कडंला दोन स्क्रू दिसतात, ते काढा अन लाइट सरळ मागं ओढा. वाकडं-तिकडं हलवू नका, बाहेरच्या बाजूला प्लास्टिकच्या खुंट्या असतात त्या मोडतात, जुन्या गाडीचं प्लास्टिक आपल्या मे महिन्याच्या उन्हानं आधीच पापडासारखं झालेलं असतं. सेडानमधी बहुतेक वेळा डिक्कीच्या आतून, बाजूचं कार्पेट सरकवून हात घालायचा. होल्डर डावीकडं फिरवला की निघतो, बल्ब आत दाबून डावीकडं फिरवायचा. आत्ताच गाडी चालवून आला असाल तर दहा मिनिटं थांबा, २१ वॅटचा बल्ब चांगलाच चटका देतो.

आता बल्ब उजेडात धरून बघा. तार तुटलेली दिसती, काच आतून काळी झालेली असती. एक गंमत सांगतो, कधी कधी तुटलेली तार खाली पडून दुसऱ्या तारेला चिकटती अन मंग ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे लाइट पेटतात, पार्किंग चालू केलं की ब्रेकसारखा झगझगीत उजेड पडतो. माणूस पार वायरिंग उसवायला निघतो अन दोष असतो तीस-चाळीस रुपयांच्या बल्बात. तार दिसायला चांगली असली तरी भरवसा नाही, सरळ गाडीच्या बॅटरीवर लावून बघा: बल्बचं पितळी अंग मायनसला, खालचा एकेक ठिपका आळीपाळीनं वायरीनं प्लसला. दोन्ही तारा वेगवेगळ्या पेटल्या पाहिजेत, एक मंद एक झगझगीत.

डबल पॉइंट बल्ब बसवताना त्याच्या अंगावरच्या दोन खुंट्या बघा, एक वर अन एक खाली असती, सारख्या उंचीवर नसतात. ते मुद्दाम केलंय, म्हणजे तो एकाच बाजूनं बसावा. जोर लावून उलटा बसवणारे महाभागबी आहेत, मंग ब्रेकला ५ वॅट अन रात्रभर २१ वॅट चालू, होल्डर वितळेपर्यंत. बसत नसला तर अर्धा फेरा फिरवून बघा, ताकद लावू नका. अन एक गेला की दोन्हीकडचे बदला. दोघं एकाच वयाचे आहेत, दुसरा मागोमाग येतोच.

नवीन गाडीत मागं एलईडीचा सीलबंद लाइट असला तर त्यात बल्ब असं काही नसतंच, आतली पट्टी गेली की कंपनी पूर्ण लाइट बदलायला सांगती अन तो महाग असतो. पण तिथंबी आधी कनेक्टर काढून, साफ करून परत लावून बघा, अन गाडी वॉरंटीत असली तर स्क्रूला हातबी लावू नका.

होल्डर

नवीन बल्ब टाकला तरी लागत नाही, मंग होल्डरमधी डोकवा. हिरवट-पांढरी बुरशी धरलेली असती, किंवा आतल्या पितळी पट्ट्या दबून खाली गेलेल्या असतात अन बल्बच्या ठिपक्याला टेकतच नाहीत. बॅटरीचं मायनस काढून ठेवा, मंग बारीक पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून घासा, पट्टी छोट्या पेचकसनं जराशी वर उचला. जमलं तर कॉन्टॅक्ट क्लिनरचा फवारा मारा, नाही तर कोरड्या ब्रशनं झाडून काढा. शेवटी व्हॅसलीनचं अगदी बोट पुसल्याएवढं सारवण, लोणी लावल्यासारखं नाही.

बुरशी धरली म्हणजे पाणी येतंय. लाइटच्या काचेत थेंब दिसतात का बघा, मागचं रबरी पॅकिंग दबलंय का बघा. आपल्याकडं पाऊस कमी अन वॉशिंग सेंटरचं प्रेशर जास्त, पाणी तिथूनच जातं. त्यावर आपली काळ्या मातीची धूळ, ती पाणी धरून ठेवती, वाळत नाही. होल्डर वितळलेला असला तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवा होल्डर वायरीसकट मिळतो, तोच जोडा. अन वितळला कामून हे विचारा, बहुतेक वेळा आधीच्या कुणीतरी जास्त वॅटचा बल्ब घातलेला असतो.

अर्थिंग, सगळ्यात जास्त फसवणारं

माझ्या मेव्हण्याच्या गाडीला हा दोष होता, दोन ठिकाणी दाखवली, चार वेळा बल्ब बदलले, एकानं तर इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशरबी बदलला. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मंद पेटायचा अन त्याच बाजूचा ब्रेक लाइट मेल्यासारखा. बल्ब सगळे नवे, फ्यूज ठीक.

ज्यानं रात्री शेतात दारं धरलीत त्याला हे लगेच कळंल. पाणी चारीनं येतं, वाफा भरतो, अन जिथून जायचं तिथून पुढं जातं. पुढची वाट मातीनं बुजली तर पाणी थांबत नाही, ते बांध फोडून शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरतं. करंटचंबी तेच. बल्बमधून निघाला की त्याला गाडीच्या पत्र्यावरून बॅटरीच्या मायनसला परत जायचं असतं. मागच्या लाइटचे सगळे बल्ब एकाच काळ्या वायरीनं पत्र्याला जोडलेले असतात, ती वायर जिथं बोल्टनं कसलेली असती तिथं गंज धरला की वाट बंद. मंग करंट इंडिकेटरच्या बल्बातून, पार्किंगच्या तारेतून, जिथून वाट मिळंल तिथून उलटा जातो अन ते बल्ब मिणमिणतात. म्हणून पार्किंग चालू ठेवून तपासायला सांगितलं होतं.

खात्री करायला हातभर वायर लागती, दोन्ही टोकं सोललेली. एक टोक होल्डरच्या अर्थच्या पट्टीला, दुसरं टोक पत्र्याच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागी, एखाद्या बोल्टवर दाबून धरा अन कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. लाइट झटक्यात नीट लागला तर दोष सापडला. मंग काळी वायर धरून तिच्या मागं मागं जा, डिक्कीच्या कडंला, कार्पेटच्या खाली, ती एका बोल्टपाशी जाऊन थांबती. दहाचा पाना घ्या, बोल्ट काढा, वायरीची रिंग अन खालचा पत्रा चमकेपर्यंत घासा, परत कसून आवळा, वरून व्हॅसलीन. मेव्हण्याच्या गाडीचं काम एवढ्यातच झालं, पंधरा मिनिटं, खर्च शून्य. त्यानं चहा पाजला, तोबी माझ्याच घरी.

मल्टीमीटर असणाऱ्यांसाठी: २० व्होल्ट डीसीवर ठेवा, ब्रेक दाबलेला असताना काळं टोक बॅटरीच्या मायनसवर (वायर पुरत नसली तर पुढं लांबवा) अन लाल टोक होल्डरच्या अर्थवर. आकडा जवळजवळ शून्य पाहिजे, ०.२ च्या आसपास चालंल, अर्धा-एक व्होल्ट दाखवत असला तर अर्थ खराब.

पण मल्टीमीटरवर आंधळा भरवसा ठेवू नका. वायरीच्या वीस तारांतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतं, कारण मीटर करंट घेतच नाही, अन बल्ब लावला की ते १२ व्होल्ट गायब. म्हणून जुने वायरिंगवाले एक होल्डर, एक २१ वॅटचा बल्ब अन दोन लांब वायरी असा टेस्ट लॅम्प जवळ ठेवतात, अन साध्या गाडीत तोच खरं बोलतो. तुमच्या गाडीत बटण स्टार्ट, भरपूर सेन्सर असं असलं तर मात्र हा २१ वॅटचा टेस्ट लॅम्प बल्बच्या होल्डरपुरताच लावा, दुसऱ्या वायरींना टोचत फिरू नका, ईसीयूकडं, म्हणजे गाडीच्या कंप्युटरकडं, जाणारी वायर एवढा करंट सहन करत नाही.

तिन्ही बंद: फ्यूज

फ्यूज बॉक्स एक स्टिअरिंगच्या खाली डाव्या-उजव्या बाजूला असतो अन एक बॉनेटमधी. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र असतं, त्यात स्टॉप असं लिहिलेला फ्यूज शोधा. आधी हॉर्न वाजवून बघा. बऱ्याच गाड्यांत हॉर्न अन ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात, दोन्ही सोबत गेले असले तर शोधायचं काम संपलंच.

फ्यूज ओढायला बॉक्समधीच चिमटा दिलेला असतो. फ्यूजच्या मधली तार तुटलीय का उजेडात बघा. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच टाका. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअरच्या आसपास खातात, म्हणजे १० चा फ्यूज उगाच जळत नाही, जळला म्हणजे कुठंतरी शॉर्ट आहे. नवीन टाकल्यावर परत उडाला की "मोठा टाकून बघू" किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू असलं डोकं चालवू नका, फ्यूज वाचला की वायर जळती अन वायर सीटखालच्या कार्पेटमधून गेलेली असती.

शॉर्ट शोधायच्या माझ्या ठरलेल्या जागा तीन. पहिली डिक्कीच्या दाराची वायर, बिजागरीपाशी रबराच्या नळीतून जाती, हजार वेळा उघड-झाक करून आतल्या आत तुटती किंवा सोलती. रबर सरकवून बघा, मधला वरचा ब्रेक लाइट एकटाच गेला असला तर दोष बऱ्याचदा इथंच. दुसरी जागा म्हणजे नंतर जोडलेलं सामान: रिव्हर्स कॅमेरा, मागं लावलेली एलईडीची पट्टी, ट्रॉली ओढायच्या हुकाची वायर. बाहेरून लावून घेतलेल्या या कामात वायर कापून निस्ती पिळून टेप मारलेली असती, अन उन्हानं टेपचा गोंद पाघळून ती सुटती. तिसरी जागा उंदीर. सोयाबीन-तूर घरात आली की गाडीत उंदीर आलाच असं समजा, खास करून गाडी शेतातल्या शेडला किंवा पोत्यांपाशी लावत असाल तर. लेंड्या दिसल्या की त्याच बाजूची वायरिंग आधी बघा.

स्विच अन स्टॉपर

आता माझा विषय. ड्रायव्हरच्या पायापाशी टॉर्च घेऊन उलटं पडून बघावं लागतं, कंबर धरती, आधीच सांगतो. ब्रेक पॅडलचा दांडा वर जिथं जातो तिथं त्याच्या मागं एक छोटं स्विच बसवलेलं असतं, त्यातून एक दांडी बाहेर आलेली असती. पॅडल मोकळं असतं तेव्हा पॅडल त्या दांडीला दाबून ठेवतं अन लाइट बंद. पाय ठेवला की पॅडल लांब जातं, दांडी स्प्रिंगनं बाहेर येती, लाइट चालू. म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या उलटं, दांडी दाबली की लाइट बंद अन सोडली की चालू.

आता पॅडलच्या दांड्याला तिथं एक भोक असतं अन त्या भोकात प्लास्टिक किंवा रबराची टिकली बसवलेली असती, स्विचची दांडी तिच्यावर टेकती. तेच स्टॉपर. आठ-दहा वर्षात ती कडक होऊन भुगा होती अन दांडी सरळ भोकातून आरपार जाती. पॅडल मोकळं असलं तरी स्विचला वाटतं ब्रेक दाबलाय. दोन बल्ब रात्रभर साडेतीन अँपिअर खात बसले अन छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे दहा तासात पार कोरडी, अन स्टार्टर तर त्याच्या किती तरी आधी हात टेकतो. माझ्या साडेचार हजारांचा हिशोब हा असा.

तात्पुरता इलाज: त्या भोकात बसंल असा छोटा नट-बोल्ट, सपाट डोकं स्विचच्या बाजूला, मागून वॉशर अन नट. नीट आवळा, कारण तो निघून पॅडलखाली लोळत गेला तर ब्रेक लाइटपेक्षा मोठं संकट होईल. काकांनी मला पहाटंच हे करून दिलं, जुन्या सायकलचा बोल्ट होता. नंतर खरं स्टॉपर आणून बसवलं, आतल्या बाजूला टाचणीसारखी खुंटी असती ती भोकात दाबली की खट्‌ करून बसती. रस्त्यातच हे झालं अन जवळ काहीच नसलं तर गाडी उभी करताना स्विचचा कनेक्टर काढून ठेवा किंवा बॅटरीचं मायनस सोडा, अन निघताना आठवणीनं परत लावा.

तिन्ही लाइट लागतच नसतील अन फ्यूज चांगला असला तर स्विचची परीक्षा. कनेक्टर काढा. त्यात दोनच वायरी असल्या तर छोट्या वायरीच्या तुकड्यानं त्या दोघी जोडा, मागं लाइट लागले तर स्विच गेलंय, नाही लागले तर दोष स्विचच्या आधी किंवा नंतर वायरीत. चार वायरी असल्या तर हा प्रयोग करू नका, त्यातल्या दोन ईसीयूकडं जातात अन कोणती कोणती हे अंदाजानं ठरवायची गोष्ट नाही. तिथं मल्टीमीटर बीपच्या सेटिंगवर ठेवून स्विचच्याच पिना तपासा, दांडी दाबून अन सोडून, बीप बदलतो का बघा.

नवीन स्विच बसवताना नट असलेलं असलं तर असं बसवा की पॅडल मोकळं असताना दांडी पूर्ण आत जाईल अन स्विचचं अंग पॅडलपासून साधारण एक मिलिमीटर लांब राहील. फार पुढं घेतलं तर ते पॅडलला पूर्ण वर येऊ देत नाही, ब्रेक हलकेसे लागून राहतात, चाकं तापतात, मायलेज पडतं अन लाइटचं काम करायला गेलेला माणूस ब्रेक घेऊन येतो. फार मागं ठेवलं तर लाइट कायम चालू. काही गाड्यांत पाव फेरा फिरवून लॉक होणारं स्विच असतं, ते बसवताना पॅडलबाबतची सूचना वेगवेगळी असती, पाकिटावर दिलेलं वाचा.

हे स्विच निस्तं लाइटसाठी नाही हेबी ध्यानात ठेवा. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पी (पार्किंग) मधून बाहेर निघत नाही, बटण दाबूनबी स्टार्ट होत नाही, क्रूझ कंट्रोल लागत नाही किंवा डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा पिवळा लाइट आला, अन सोबत ब्रेक लाइटबी नाटक करतोय, तर गिअरबॉक्सचं एस्टिमेट घ्यायच्या आधी हे स्विच बघायला सांगा.

एलईडी बल्ब टाकू का?

हे मला सगळे विचारतात. फायदा खरा आहे, साधी तार तापून पेटायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा घेती, एलईडी तात्काळ लागतो, अन समृद्धीवर १२० च्या स्पीडला तेवढ्या वेळात मागची गाडी सहा-सात मीटर पुढं येती. पण साध्या बल्बसाठी बनवलेल्या लाइटमधी बाजारातला स्वस्त एलईडी घातला की उजेड फोकसमधी बसत नाही, मधी एक ठिपका चमकतो अन बाकी अंधार. दुसरं, पार्किंग अन ब्रेक यातला फरकच दिसत नाही, अन मागच्याला तो फरकच दिसायला पाहिजे. काही गाड्यांत कंप्युटरला बल्ब गेल्यासारखा वाटतो अन वॉर्निंग येती. टाकायचाच असला तर लाल काचेमागं लालच एलईडी घ्या, पांढरा घेतला तर काचेतून फिका गुलाबी उजेड पडतो. लुकलुकणारे, निळे, डिस्को टाइप असलं काही नको, ब्रेक लाइट लालच पाहिजे हा नियम आहे. माझं विचाराल तर मी साधाच ठेवलाय.

रस्त्यातच गेले तर

मांजरसुंब्याहून बीडकडं घाट उतरताना कळलं की ब्रेक लाइट नाहीत, तर काय करायचं? आधी बाजूला थांबून फ्यूज बघा, रिव्हर्स किंवा रेडिओसारख्या बिनकामाच्या जागी सारख्या रंगाचा फ्यूज असला तर तो काढून इथं टाका. तरी जमलं नाही तर डावी लेन धरा, अंतर जास्त ठेवा, एकदम ब्रेक न मारता गिअर खाली आणत हळू व्हा, अन खिडकीतून उजवा हात बाहेर काढून तळहात खाली करून वर-खाली हलवा, हळू होण्याची ती जुनी खूण ट्रकवाल्यांना अजून बरोबर कळती. पार्किंग लाइट चालू ठेवला तर गाडी दिसती, पण थांबतेय हे त्यातून कळत नाही. रात्री असं पुढं रेटू नका. सीझनमधी आपल्या रस्त्यावर बिनलाइटच्या उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांच्यामागं तुम्ही करकचून ब्रेक मारणार अन तुमच्या मागच्याला काहीच दिसणार नाही.

माझ्या डॅशबोर्डच्या खणात आता एका जुन्या चष्म्याच्या डबीत दोन डबल पॉइंट बल्ब, एक इंडिकेटरचा, लाल-निळे दोन-दोन फ्यूज, हातभर वायर अन पॉलिश पेपरचा तुकडा असतो. बल्ब कापडात गुंडाळून ठेवा, नाहीतर खड्ड्यांनी डबीतच तार तुटती, माझा एक तसा गेलाय. अन स्टॉपर एक जादा आणून ठेवलंय, ब्रेकचं अन क्लचचं सारखंच निघालं माझ्या गाडीत. क्लचवाल्याचे तुकडे मागच्या आठवड्यात मॅटवर सापडले, या वेळेस लेकराला विचारलंबी नाही.